किती बेस, किती टॉप?

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती बेस, किती टॉप?" तारीख, रेट हे सगळं नंतर. गाणी कोणती वाजवणार हे तर कुणीच विचारत नाही, कारण ती सगळ्यांच्याच पेनड्राइव्हमध्ये असतात. "आठ बेस, चार टॉप" म्हटलं की पलीकडून येतं, "दुसरा त्याच पैशात दहा द्यायला बसलाय."

मी कळमनुरीची. घरचा साउंडचा धंदा आहे, तो दादा चालवतो. बुकिंग आणि हिशेब माझ्याकडे. मी नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तेव्हापासून वायरिंगही माझ्याकडेच आलं.

ज्यांनी डीजे फक्त रीलमध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. बेस म्हणजे मोठी पेटी, आत १८ इंची स्पीकर. छातीत जो दणका बसतो तो हिचा. टॉप म्हणजे लहान पेटी, गाण्याचे शब्द आणि टाळ्या-शिट्ट्या हिच्यातून येतात. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेसवर बेस रचायचे, वर टॉप ठेवायचे आणि सगळं पट्ट्यांनी आवळायचं. या ढिगाच्या टोकावर एक पोरगं बसतं, हातात बांबू घेऊन. गल्लीत विजेच्या तारा खाली लोंबलेल्या असतात. त्या उचलून धरायच्या, म्हणजे पेट्या खालून निघतात.

हिंगोली जिल्हा हळदीचा. हळद काढून, शिजवून, वाळवून बाजारात गेली की लोकांच्या हातात पैसा येतो. तोवर लग्नसराई आलेली असते आणि नवरदेवाच्या हळदीला डीजे लागतो. एका हळदीच्या पैशावर दुसरी हळद वाजते. त्या दोन-तीन महिन्यांत आमचं वर्ष निघतं. म्हणून गिऱ्हाईक पेट्या मोजतं तेव्हा हसण्यावारी नेता येत नाही.

पण गंमत अशी की पेट्या मोजून आवाज कळत नाही.

एका बेसला चिकटून तसाच दुसरा ठेवला आणि दोघांना सारखी पॉवर दिली, तर खालचा आवाज जास्तीत जास्त ६ डेसिबलने वाढतो. पुढच्या सहासाठी दोनाच्या चार पेट्या कराव्या लागतात, त्यापुढच्या सहासाठी चाराच्या आठ. आणि माणसाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. आता आठाच्या दहा करा. वाढ होते २ डेसिबलच्या आत. त्या दोन पेट्या डोळ्यांना लगेच दिसतात, कानाला जेमतेम कळतात. त्यांचा हप्ता मात्र दर महिन्याला कळतो.

पेट्या कशा रचल्या यानं जास्त फरक पडतो. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते. त्यामुळे चिकटून ठेवलेले बेस मिळून एकच मोठी पेटी असल्यासारखे वाजतात. तेच दोन लांबच्या टोकांना ठेवले, तर काही जागी लाटा एकमेकींत मिसळून दणका होतो आणि काही जागी एकमेकींना मारतात. नाचणारा चार पावलं सरकला की त्याला वाटतं, मशीन बसली. एखाद्या वायरची दोन टोकं उलटी लागली तर आणखी मजा. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो, शेजारचा त्याच क्षणी मागे ओढतो. पेट्या दोन आणि बेस गायब.

मशीनचंही तसंच. आमच्याकडच्या गाण्याच्या पार्टीत कीबोर्डवाले कॉम्बो आणतात, म्हणजे मशीन आणि स्पीकर एकाच डब्यात. काही कॉम्बोंना मागे जादा पेटी जोडायची सोय असते आणि शेजारी ओहमचा आकडा छापलेला असतो. तो कुणी वाचत नाही. ८ ओहमच्या दोन पेट्या पॅरलल जोडल्या की मशीनला ४ ओहम दिसतात, चार जोडल्या की २. इथं आकडा कमी झाला की ओझं वाढतं. मशीन जास्त करंट द्यायला जाते, तापते, आणि झेपलं नाही की ऐन वरातीत बंद पडते.

ही पेट्यांची हौस आपल्याकडचीच आहे असं समजू नका. १९६५ च्या सुमारास लंडनमध्ये 'द हू' या बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड जिम मार्शलच्या दुकानात गेला. त्याला सगळ्यांपेक्षा मोठा आवाज हवा होता. मार्शलनं १०० वॉटचं मशीन केलं आणि एकाच पेटीत १२ इंची आठ स्पीकर बसवले. ती पेटी उचलताना बँडच्या हमालांची कंबर मोडायची वेळ आली. मग तिचे दोन तुकडे झाले, चार-चार स्पीकरचे, एकावर एक ठेवायचे. जगभरच्या रॉक स्टेजवर दिसणारा तो मार्शल स्टॅक असा, उचलणाऱ्यांच्या पाठीमुळे, दोन पेट्यांचा झाला. त्याच टाउनशेंडनं पुढे आपले कान खराब झाल्याचं, कानात सतत आवाज येत असल्याचं जाहीरपणे सांगितलं.

बुकिंगचा फोन माझ्याकडे का आला, ते आता सांगते.

दादा नऊ वर्षं ट्रॉलीच्या एकाच बाजूला उभा राहून मिक्सर चालवतोय. दोन वर्षांपूर्वी त्याचे व्यवहार फोनवर चुकायला लागले. गिऱ्हाईक "साठ" म्हणायचं, त्याला "आठ" ऐकू यायचं. आई आतून काही बोलली की तो "हं" म्हणायचा आणि तिथंच बसून राहायचा. आम्हाला वाटलं, लक्ष नाही.

नांदेडला कान तपासले. कागदावरची रेघ डावीकडून सरळ येत होती आणि ४००० हर्ट्झजवळ घाट उतरावा तशी खाली गेली होती. स, श, च, फ यांचा बारीक आवाज त्या वरच्या अंगाला असतो. बेस खालच्या अंगाला. म्हणून दोन गल्ल्यांपलीकडून कोणत्या पेटीची कॉइल जळाली ते दादा सांगू शकतो, पण "साठ"मधला स त्याला सापडत नाही. कानाच्या आतल्या बारीक पेशी मेल्या की परत उगवत नाहीत, एवढं डॉक्टरांनी समजावलं. दादानं विचारलं, "पण खालचं नीट आहे ना?"

८५ डेसिबलच्या आवाजात माणसानं दिवसाला ८ तास काढावेत, त्याहून जास्त नाही, असा कामाच्या ठिकाणचा एक हिशेब आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. आमची वरात तीन तास चालते.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमचा जनरेटर नुसता सुरू केला तरी ५५ मागे पडतात. दवाखान्याजवळून जाताना मी स्वतः मशीन बंद करायला लावते. म्हाताऱ्या माणसांचा, तान्ह्या लेकरांचा त्रास मला खोटा वाटत नाही.

पण "हे सगळं बंदच करा" असं कुणी सहज बोललं की मला गप्प बसवत नाही. ज्यांच्या आजोबांना मोठ्या रस्त्यानं वाजवत वरात नेता येत नव्हती, त्यांच्या नातवांना भिंतीएवढा आवाज का हवासा वाटतो, ते मला कळतं. १४ एप्रिलला तो आवाज चौकात वळतो तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. कोणी नाचावं आणि किती मोठ्यानं, हे ठरवणारी मी कोण? मला एवढंच दिसतं, की नाचणारे तास-दीड तास नाचून घरी जातात. पेट्यांना चिकटून शेवटपर्यंत उभी असतात ती आमची पोरं. रेटमध्ये डिझेल धरलेलं असतं, ड्रायव्हर धरलेला असतो. कान धरलेले नसतात.

या सीझनच्या आधी दादाला कर्ज काढून आणखी दोन बेस घ्यायचे होते. मी वही काढून आठाच्या दहाचं गणित मांडलं. तो म्हणाला, "तुझं गणित बरोबर असंल. पण ते ट्रॉलीवर दिसत नाही. पेट्या दिसत्यात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग गावाबाहेर मोकळ्या रानात लावून बघायचं ठरलं. आधी नेहमीसारखे ट्रॉलीच्या दोन टोकांना चार-चारचे उंच मनोरे. मग सहाच बेस, मधोमध, तीन-तीनच्या दोन रांगा. दादा चारी बाजूंनी फिरला. दुसऱ्या वेळी त्याला कुठंच पोकळ जागा लागली नाही. "खालचं एकदम बरोबर आहे," तो म्हणाला. मग त्यानं बांबूवाल्या पोराकडं पाहिलं. "वरचं तू सांग रे. मला नाही कळत."

कर्ज काढलं नाही. दोन बुकिंग गेली, एका गिऱ्हाइकानं पेट्या कमी दिसतात म्हणून रेट पाडला. पण ढीग दोन पेट्यांनी बुटका झाला, तारा अंगावरून लांब राहायला लागल्या आणि बांबूवालं पोरगं खाली उतरलं. वाचलेल्या पैशातून कानाला लावायचे मफ आणलेत, चार जोड. पोरं म्हणतात, लई गरम होतं. दादा आधी स्वतः लावतो. मग बाकीचे लावतात.