रॅफल्स आणि शर्विलक

मुख्याध्यापकाच्या खणात शोभू नये असे एक पुस्तक माझ्या खणात असते. ई. डब्ल्यू. हॉर्नंग या इंग्रज लेखकाच्या रॅफल्सकथा. पहिला संग्रह १८९९ सालचा. रॅफल्स लंडनच्या प्रतिष्ठित ऑल्बनीत राहतो, संथ गोलंदाजीत त्याचा हात धरणारा नाही, आणि रात्री तो घरे फोडतो. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉईल हा हॉर्नंगचा मेहुणा. पुस्तक त्यालाच अर्पण केलेले. डॉईलला कथा आवडल्या, पण गुन्हेगाराला नायक करू नये असे त्याचे स्पष्ट मत होते. मास्तर म्हणून मला ते पटते. वाचक म्हणून मात्र मी दर वेळी रॅफल्सच्याच बाजूचा!

याचे एक कारण क्रिकेटमध्ये आहे. हौसेने खेळणारे ते ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ते ‘प्लेअर’, असा भेद इंग्लंडात होता. दोघांचा वेगळा सामनाच १९६२ पर्यंत चालला. रॅफल्स जंटलमन खरा, पण खिसा रिकामा. एका कथेत त्याला लॉर्डाच्या वाड्यावर बोलावणे येते ते केवळ त्याच्या गोलंदाजीसाठी, आणि हे त्याला झोंबते. मग त्याची नजर जाते एका वृद्ध पाहुणीच्या कंठ्यावर. मोठ्यांच्या पंगतीत कामापुरते बोलावले जाण्याचा अनुभव कुणाला नाही? तो कंठा आपणच लांबवतो आहोत असे वाटू लागते. पुढे १९०५ साली फ्रेंच लेखक मोरिस लब्लाँने आर्सेन ल्युपँ आणला. तो अधिक खट्याळ. पण हा सल त्याच्यात मला सापडत नाही.

एकदा ऑफ तासाला नववीच्या वर्गात ही कंठ्याची गोष्ट मी रंगवून सांगितली. पोरे खूष. घरी कन्नड बोलणारा एक अबोल मुलगा तेवढा उठला आणि म्हणाला, “सर, त्या आजीबाईंचं पुढं काय झालं?”

हॉर्नंगने त्यावर शाई फारशी खर्चलेली नाही. बाई श्रीमंत, तिचे काय जाते, असा सगळा मामला. रॅफल्सची मोहिनी या न सांगण्यावरच उभी आहे.

आपला शर्विलक आठवा. शूद्रकाचा हा ब्राह्मण चोर देवलांनी मराठी रंगभूमीवर आणला. मापाची दोरी विसरला म्हणून जानव्याने भिंत मोजणारा, भगदाडाचा आकार कोणता शोभेल याचा विचार करणारा कलावंत. चोरतो तेही दासी असलेल्या मदनिकेला सोडवण्यासाठी. रॅफल्सपेक्षा रसिक गडी! खुद्द चारुदत्त त्या भगदाडाचे कौतुक करतो. पण शूद्रक तिथे थांबत नाही. गेलेले दागिने वसंतसेनेची ठेव. गरिबाच्या घरी चोरी झाली यावर विश्वास कोण ठेवणार, या विचाराने चारुदत्त खचतो. मग त्याची पत्नी धूता माहेरची रत्नमाला काढून देते. तीही नवऱ्याला मिंधे वाटू नये म्हणून व्रताचे निमित्त करून, मैत्रेयाच्या हाती.

पुढच्या ऑफ तासाला मी त्या मुलांना धूतेची गोष्ट सांगितली. वर्ग त्या दिवशी हसला नाही.