डाव्या हाताला काम

आमच्या बँडमध्ये सगळ्यात लहान मी, वय 61. गिटारवाला जीसीएफमधून, म्हणजे जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यातून निवृत्त झालेला. ड्रमवाले अंकल अँग्लो-इंडियन, रेल्वेतले. ख्रिसमसच्या नाचांना वाजवत मोठे झालेले. बेसवाल्याने जन्मभर ऑर्केस्ट्रा केला, जबलपूरपासून सिवनी, बालाघाट, गोंदियापर्यंत लग्नं आणि गणपती. तिघेही मुरलेले, नवखा मीच. मी पेटीवाला. नाट्यगीतं, भजनं, कधी एखाद्या गवयाला साथ.

ब्लूज-रॉक वाजवणाऱ्यांना पेटीवाला कशाला लागतो? त्यांना खरं तर ऑर्गनवाला हवा होता. तो गावात मिळेना. "बड्डे, पट्ट्या काय, काळ्या-पांढऱ्याच ना?" असं म्हणत बेसवाला मला सदर भागातल्या तालमीच्या खोलीत घेऊन गेला. जबलपुरात कुणी 'बड्डे' म्हणून हाक मारली की नाही म्हणणं अवघड जातं.

या सगळ्याच्या मुळाशी गिटारवाला. 2011च्या फेब्रुवारीत मुंबईला मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला, तेव्हा तो रजा टाकून गेला होता. ब्लूजचे गिटारवादक बडी गाय तिथे वाजवून गेले, वयाच्या 74व्या वर्षी. आवाज इतका खाली आणायचे की लोक श्वास रोखून ऐकायचे, हे तो आजही सांगतो, दर वेळी नव्याने. निवृत्तीनंतर काय करायचं ते त्याने तिथेच ठरवून टाकलं होतं.

मला आधी ताल कळला. ब्लूजचं आवर्तन चार-चार मात्रांच्या बारा विभागांचं, म्हणजे 48 मात्रांचं. पहिले चार विभाग षड्जावर, दोन मध्यमावर, पुन्हा दोन षड्जावर. मग एक पंचमाचा, एक मध्यमाचा आणि शेवटचे दोन घरी. अंकल प्रत्येक मात्रेचे तीन भाग करतात आणि पहिला-तिसरा वाजवतात, त्यामुळे चाल थोडी लंगडत, डुलत पुढे जाते. दादऱ्याची सवय असलेल्याला हे परकं वाटत नाही.

अडचण झाली ती डाव्या हाताची. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर. आयुष्यभर त्याने हवा भरली, एकही सूर वाजवला नाही. बँडमध्ये माझ्यापुढे आलेल्या कीबोर्डला भाता नाही, आणि हा हात मांडीवर पडून राहायचा. अंकल ओरडायचे, "लेफ्ट हँड को पेन्शन मिल गया क्या?" मग सा-ग-प आणि वर कोमल नी, ही चार सुरांची जुळणी मी एखाद्या पोरासारखी घोटली.

दुसरी गोष्ट गंधाराची, आणि तिने मला या संगीतात खऱ्या अर्थाने ओढलं. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी राहतो. गिटारवाला तार खेचून तिथे पोचतो, सतारिया मींड घेतो तसाच. पेटीला मींड नाही. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती 1971पर्यंत टिकली, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं: ठरलेल्या पट्ट्या, मधल्या श्रुती नाहीत. आमच्या गुरुजींच्या पिढीने हा अपमान गिळला. पण ब्लूजमधल्या पियानो आणि ऑर्गनवाल्यांच्या पट्ट्याही ठरलेल्याच होत्या! त्यांनी कोमल गंधारावरून बोट शुद्धावर निसटवलं, कधी दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या, आणि कानाला मधला सूर ऐकू आल्याचा भास दिला. मी ते पहिल्यांदा जमवलं तेव्हा गिटारवाला वाजवायचा थांबला. आमच्याकडे जोग रागात दोन्ही गंधार आहेत, चढताना शुद्ध, उतरताना कोमल. त्यामुळे बोटांना रस्ता थोडा ठाऊक होता.

बाकी तालमी म्हणजे भांडणं. बँडचं नाव अजून ठरलेलं नाही. बेसवाल्याला जोरात हवं असतं, अंकलना कमी ऐकू येत असल्यामुळे आणखी जोरात. एवढं मात्र म्हणेन: ऑर्केस्ट्रात गायकाच्या मागे उभं राहिलेली माणसं दुसऱ्याला जागा देतात. तरुण रॉकवाले सहसा देत नाहीत.

गेल्या गणेशोत्सवात मराठी मंडळींपुढे वाजवायची वेळ आली. आधी दोन नाट्यगीतं, मग अर्धा तास आम्ही. पुढच्या रांगेतली मुलं मोबाइलमध्ये, काही मंडळी प्रसादाच्या रांगेत. संपल्यावर एक काकू स्टेजपाशी आल्या. "जोग छान घेत होतात, पण मधेच धैवत आणि रिषभ कुठून आले हो?" बरोबर पकडलं होतं त्यांनी. मध्यमाच्या जुळणीत धैवत येतो, पंचमाच्या जुळणीत रिषभ, आणि जोगात दोन्ही वर्ज्य. एवढा तयार श्रोता आम्हाला पुन्हा भेटलेला नाही.

आता आमच्या डोक्यात एकच खूळ आहे. या संगीतात गाजला तो हॅमंड ऑर्गन, 1935 साली बाजारात आलेला. त्याचा आवाज पायाने कमी-जास्त करतात आणि तो फिरत्या भोंग्यांतून बाहेर पडतो. कीबोर्ड त्याची नक्कल करतो, पण पायाखाली काही नसल्यामुळे मला ती पोकळ वाटते. म्हणून आम्हाला हवा आहे तो बालगंधर्वांच्या नाटकांत साथीला असायचा तसा पायाचा ऑर्गन. त्यात हवा पायांनी भरायची, आणि दोन्ही हात मोकळे. हॅमंडचा सूर त्यातून निघणार नाही हे मला माहीत आहे. तरी ब्लूज त्यावर वाजवून बघायचाच आहे. मध्य प्रदेशात, विदर्भात जुन्या मराठी घरांत, बंद पडलेल्या नाट्यमंडळांच्या खोल्यांत असे ऑर्गन अजून असतील. तुमच्याकडे असला तर भंगारात देऊ नका. भाता फाटलेला असला तरी चालेल, तो आम्ही शिवून घेऊ.