मंगळुरूहून कारकळ : नातीसोबतच्या छोट्या यात्रा

सोलापूरहून विजापूरकडे निघताना पूर्वी रस्त्याच्या कडेला ‘राष्ट्रीय महामार्ग १३’ अशी पाटी दिसे. बँकेच्या नोकरीत त्या पाटीवरून किती वेळा गेलो, याची गणती नाही. परंतु हाच रस्ता विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, शिमोगा असा उतरत उतरत कारकळ व मूडबिद्रीवरून थेट मंगळुरूच्या समुद्रापाशी संपतो, हे मात्र माझ्या ध्यानात फार उशिरा आले. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले आणि त्या एका रस्त्याचे तुकडे निरनिराळ्या क्रमांकांत विभागले गेले. माझ्या मनातला रस्ता मात्र अजून अखंडच आहे. वैरागसारख्या ज्वारीच्या कोरड्या मुलखात आयुष्य काढलेल्या माणसाला, आपल्या जिल्ह्यातून निघालेली वाट बाहुबलींच्या तीन विशाल मूर्तींच्या प्रदेशात पोहोचते, या विचारानेच हुरूप येई.

गेल्या जानेवारीत योग आला. जावईबापू नोकरीनिमित्त मंगळुरूस असतात. नात नऊ महिन्यांची झाली होती. आम्ही उभयता महिनाभरासाठी गेलो आणि पहिल्याच रविवारची आखणी मी एका कागदावर करून टाकली. सकाळी सातला प्रस्थान, सव्वाआठला मूडबिद्री, अकराला कारकळ, दोनला वेणूर आणि सूर्यास्तापूर्वी भोजन व्हावे म्हणून साडेपाचला घरी. अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. वैरागहून सोलापूरला जाऊन येण्यातच शंभर होतात, तेव्हा यात अवघड ते काय? आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला कागदावर जुळलेली बेरीज फार खरी वाटते.

निघण्याआधीच एक वाद झाला. मुलीने नातीसाठी गाडीत मागच्या सीटवर बसवायचे, तोंड मागे असणारे छोटे आसन आणले होते. आमच्या सौभाग्यवतींना ते मुळीच रुचले नाही. “आजीची मांडी असताना पोरीला पट्ट्यांनी बांधायचं कशाला?” त्यांनी माझ्या मातोश्रींचा दाखलाही दिला. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना कुंथलगिरीस चालली होती, तेव्हा आई माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्काला, मांडीवर घेऊन भर पावसाळ्यात बैलगाडीने दर्शनास निघाली होती. ही कथा आमच्या घरात अभिमानाने सांगितली जाते. मुलीने शांतपणे उत्तर दिले, “आई, बैलगाडी ताशी ऐंशीने जात नव्हती.” २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याविना वा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे, ही पुस्ती मी जोडली. सौ. गप्प बसल्या, त्या दंडाच्या भयाने नव्हे, लेकीच्या स्वरामुळे.

मूडबिद्री ठरल्या वेळेला गाठले. तिकडे जिनमंदिरास ‘बसदी’ म्हणतात. गावात अठरा बसदी आहेत. त्यांतील सर्वांत मोठी म्हणजे १४३० सालची सहस्रस्तंभ बसदी, ‘त्रिभुवनतिलक चूडामणी’ हे तिचे नाव. मूलनायक चंद्रनाथ भगवान. दगडी मंदिरावर लाकडी मजले आणि त्यांवर उतरती छपरे. आपल्याकडील शिखरे पाहिलेल्या डोळ्यांना प्रथम हे मंदिरच वाटत नाही. परंतु तेथे पडणारा पाऊस लक्षात घेतला की त्या छपरांचे मर्म कळते. आत खांबांच्या राईतून चालताना प्रत्येक खांबावरील नक्षी निराळी दिसते. नात आजीच्या कडेवरून त्या नक्षीकडे हात पसरीत होती.

माझे मन मात्र दुसऱ्या वास्तूकडे लागले होते. तेथील सिद्धांत बसदीमध्ये ‘धवला’ टीकेच्या ताडपत्रीय प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या. आचार्य पुष्पदंत व भूतबली यांच्या षट्खंडागमावर आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकात लिहिलेला हा महाग्रंथ. जुन्या कन्नड लिपीतील ती पाने भाविक दुरून वंदन करून परतत, वाचणारा विरळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि आपल्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी या ग्रंथांची नक्कल व्हावी म्हणून प्रयत्न केले. नक्कल करण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून ‘धवला’चे सोळा खंड प्रसिद्ध झाले. सोलापुरात ते खंड लहानपणी मी कपाटाच्या काचेतून पाहिले होते. ते जिथून आले त्या दाराशी उभे राहताना घड्याळाचे भान राहिले नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. एक तासाचे अडीच तास झाले.

बाहेर गाडी उन्हात तापत होती. आसनाच्या बकलाला हात लावला तर चटका बसला. आपल्या सोलापूरचे ऊन कडक खरे, पण कोरडे. झाडाखाली बसले की घाम वाळतो आणि जीव शांत होतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत सावलीही फारशी उपयोगी पडत नाही. नात चिडचिडी झाली होती. घरून आणलेली तांदळाची पेज तिने जिभेने बाहेर ढकलली, दूधही नीट घेतले नाही. मुलगी म्हणाली, “बाबा, परत जाऊ या.” मी म्हणालो, “कारकळ अठरा किलोमीटरवर आहे.” जावईबापू भिडस्त; त्यांनी गाडी कारकळच्या दिशेने घेतली. निम्म्या वाटेवर नातीला उलटी झाली, पाठोपाठ दुसरी. त्यानंतर कोणी कोणाला काही विचारले नाही. गाडी वळली.

सायंकाळी डॉक्टरांनी तपासून पहिला प्रश्न केला, “सकाळपासून लघवी किती वेळा झाली?” आम्हा चौघांपैकी एकालाही सांगता येईना. तिन्ही तीर्थांवरील आगमन-निर्गमनाच्या वेळा माझ्या खिशात लिहिलेल्या होत्या. सुदैवाने प्रकरण गंभीर नव्हते; उष्मा आणि पोटात कमी गेलेले दूध. थोडे थोडे पाजत राहण्यास सांगितले. रात्री दोनच्या सुमारास नात हसली, तेव्हा मुलगी पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी अक्काला दूरध्वनी केला. तिला आईच्या कुंथलगिरी-यात्रेची आठवण करून दिली आणि तेव्हाची माणसे किती काटक होती, असे काहीसे बोललो. अक्का थोडा वेळ थांबून म्हणाली, “आई बार्शीपर्यंतच गेली होती रे. मला हगवण लागली, म्हणून तिथनंच गाडी मागं फिरवली. महाराजांचं दर्शन तिला झालंच नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात तिनं मला सांगितलं, आणि वर म्हणाली, कुणाला बोलू नको.” छत्तीस दिवसांची ती सल्लेखना त्या वर्षी १८ सप्टेंबरला पूर्ण झाली. आईला पुन्हा जाता आले नाही. साठीपार झालेला मी ही गोष्ट प्रथमच ऐकत होतो. सौभाग्यवतींना सांगितली, तेव्हा त्याही बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यानंतर बालआसनाविषयी घरात चर्चा झाली नाही.

नवी आखणी मुलीने केली, मी केवळ वही धरली. डाव्या पानावर दूध, पेज, झोप आणि लंगोट यांच्या नोंदी. उजव्या पानावर किलोमीटर. डावे पान भरल्याशिवाय उजव्या पानाला हात लावायचा नाही. एका दिवशी एकच स्थान. नातीची सकाळची झोप साधारण सव्वा तासाची, तेव्हा त्याच वेळेत गाडी चालवायची. ती उठेल तेथे थांबायचे, मग तेथे पाहण्यासारखे काही असो वा नसो. गाळून उकळलेले पाणी आणि मुगाच्या डाळीचे पाणी दोन वेगळ्या थर्मासमध्ये. खिडक्यांना पडदे, रिकाम्या आसनावर ओला पंचा. कोणीतरी एक जण गाडीपाशी सावलीत थांबणार आणि दर्शन पाळीपाळीने होणार. नातीला गाडीत एकटे क्षणभरही ठेवायचे नाही, हे तर सांगायलाच नको. धर्मस्थळ या वेळी वगळले. तेथील रत्नगिरी टेकडीवर १९८२ साली प्रतिष्ठापना झालेली ३९ फुटी मूर्ती आहे; पण एका बाजूला ७५ किलोमीटर म्हणजे नातीच्या दोन झोपा.

पुढच्या आठवड्यात वेणूर झाले. १६०४ साली अजिल घराण्यातील तिम्मण्ण राजांनी स्थापिलेली ३५ फुटांची ही बाहुबली मूर्ती फल्गुनी नदीकाठी सपाटीवर आहे, म्हणून तान्ह्या मुलासह जाणाऱ्यांना सर्वांत सोयीची. कारकळच्या राजाचा या मूर्तीला विरोध होता आणि म्हणून ती काही काळ नदीच्या वाळूत दडवून ठेवली होती, अशी कथा सांगतात. २०२४ साली येथे महामस्तकाभिषेक झाला. आम्ही गेलो त्या सकाळी मात्र मोजकीच माणसे होती. नात रांगत रांगत आमच्यापासून चार हात पुढे गेली आणि मान मागे टाकून वर पाहत राहिली. तिला काय दिसले असेल? पंचेचाळिसाव्या दिवशी मंदिरात नेऊन तिच्या कानात णमोकार म्हटला होता. त्यानंतर स्वतःहून वर पाहिलेले हे पहिलेच जिनबिंब, असे सौ. मानतात. मी मोडता घालीत नाही. पणंबूरच्या समुद्रकिनाऱ्याचे फार सांगण्यासारखे नाही. तिने वाळू खाल्ली आणि लाटांना घाबरली.

कारकळ शेवटच्या रविवारी. वाटेत मूडबिद्रीला केवळ दूध पाजण्यासाठी थांबलो; सहस्रस्तंभ बसदीकडे मी पाहिलेही नाही. कारकळच्या खडकाळ टेकडीवर १४३२ साली वीर पांड्य राजाने उभारलेली ४२ फुटी मूर्ती दुरूनच दिसू लागते. समोर १५८६ सालची चतुर्मुख बसदी, चारही दिशांना सारखीच दारे असलेली. प्रथम आम्ही दोघे खडकात खोदलेल्या पायऱ्या चढलो. सौ.च्या गुडघ्यांमुळे तीन ठिकाणी बसलो. वर पोहोचल्यावर अंगावर चढलेल्या वेलींसह निश्चल उभ्या भगवंतांपुढे हात जोडले तेव्हा आईची आठवण झाली आणि एक नमस्कार तिच्या नावाने केला. मग खाली उतरून मुलीला म्हणालो, “आता तू जा. एकटीच जा. जावईबापू नंतर जातील.”

ती संकोचली. नात नुकतीच झोपी गेली होती. “उठली तर?” “उठली तर आम्ही आहोत,” सौ. म्हणाल्या. ती चढू लागली. पाच-सहा पायऱ्यांनंतर तिने मागे वळून पाहणे सोडले. चाळीस मिनिटांनी ती हळूहळू, कोणतीही घाई नसल्यासारखी उतरताना दिसली. नऊ महिन्यांत ती इतका वेळ एकटी कधी कुठे गेली नव्हती, हे मला तेव्हा उमगले. नात एव्हाना उठून माझ्या मांडीवर वहीची पाने चुरगाळत बसली होती. मुलीने तिला लगेच घेतले नाही. शेजारच्या दगडावर टेकली, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “बाबा, अजून पाच मिनिटं असू दे तुमच्याकडेच.”