सिस्टरांचं देणं

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला टीडीएस म्हणजे व्याजातून कापला जाणारा कर. मिरजेच्या इस्पितळात बाबांच्या गोळीपुढे ती अक्षरं दिसली आणि मी चक्रावलो. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, “दिवसातून तीनदा. बीडी म्हणजे दोनदा, एचएस म्हणजे झोपताना. आणि एसओएस वाचून घाबरू नका, गरज लागली तरच द्यायची.” ही सगळी लॅटिन शब्दांची आद्याक्षरं, हेही त्यांनीच सांगितलं. वॉर्ड भरलेला असे; औषध देऊन पुढच्या खाटेकडे वळल्या असत्या तरी कुणी बोल लावला नसता.

बाबा रक्ततपासणीच्या आधी दोन-तीन दिवस गोड बंद करत आणि साखर बरी आली की खूश होत. एचबीए१सी या तपासणीने त्यांची चोरी पकडली. “काका, साखर हिमोग्लोबिनला चिकटते,” सिस्टर म्हणाल्या, “आणि लाल पेशी जगते साधारण १२० दिवस. हिच्यात तीन महिन्यांचा हिशेब निघतो.” बाबा माझ्याकडे पाहू लागले, जणू मीच चुगली केली होती.

खरं ऋण मात्र इन्शुलिनचं. घरी सोडण्याच्या आदल्या रात्री सिस्टरांनी सिरिंज माझ्या हातात दिली. कुप्या दोन ताकदीच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, नाहीतर १००. चाळीसला लाल टोपणाची सिरिंज, शंभरला नारिंगी. शंभरच्या कुपीतून लाल सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत औषध घेतलं, तर अंगात जातात २५ युनिट. शिवाय वहीत ‘युनिट’ पूर्ण लिहायचं, अशी ताकीद. घाईत लिहिलेला इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये टाळायच्या संक्षेपांची यादी काढली, तिच्यात हा यू आहे, हे मी फार पुढे वाचलं. सिस्टरांना ते कुठून कळलं होतं, विचारायचं राहिलं.

आईने पाकीट पुढे केलं तेव्हा त्यांनी ते तिच्याच पिशवीत परत घातलं.

आता आमच्या इमारतीतले लोक रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. मी अक्षरांचा अर्थ सांगतो, उपचारांचं डॉक्टरांवर सोपवतो. परवा शेजारच्या वहिनी ‘एनएडी’ बघून रडवेल्या होऊन आल्या. म्हटलं, दोष काही आढळला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

“मग एवढे पैसे कशाचे घेतले?” वहिनी म्हणाल्या.