दोन सीमांच्या मध्ये

भिलाईत आयुष्य घालवलेल्या माणसाला 'अचूक' हा शब्द जपून वापरण्याची सवय लागते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि पुढे रेल्वेचे रूळ हीच या गावाची ओळख ठरली. कोणताही रूळ कागदावरील मापाइतका तंतोतंत उतरत नाही. माप एका आकड्याहून कमी व दुसऱ्याहून अधिक नसावे, एवढेच पाहिले जाते.

याच विचाराला गणितात शास्त्राचे रूप देणारा रॅमन मूर यांचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. अंतराल-विश्लेषणात एका संख्येऐवजी दोन सीमांमधील अंतराल घेऊन आकडेमोड करतात. उत्तरही अंतरालच येते. मात्र फलनाचे खरे मूल्य त्याबाहेर जाणार नाही, अशी हमी मिळते.

ही हमी कधीकधी फार सैल असते. क्ष(१ − क्ष) हे फलन घ्या. क्ष ० ते १ असेल, तर १ − क्ष हाही ० ते १. म्हणून गुणाकाराचे अंतराल ० ते १ येते. वास्तविक हे फलन १/४ च्या वर कधीच जात नाही. दोन्ही ठिकाणचा क्ष एकच आहे, हे ती आकडेमोड विसरते. अंतरालाचे दोन समान तुकडे केले की वरची सीमा १/२ वर येते, चार केले की ३/८ वर. तेच फलन १/४ − (क्ष − १/२)² असे लिहिले, तर क्ष एकदाच येतो आणि नेमके ० ते १/४ हाती लागते.

गणित शिकवून घरी आल्यावर मराठी वाङ्मयाचा इतिहास वाचणे हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. तेथे हाच प्रश्न उलट्या रूपात भेटतो. 'विवेकसिंधू'चा काळ परंपरा शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा सांगते; अभ्यासकांत त्याविषयी मतभेद आहेत. अशा वादात एकच शक दोन पोथ्यांत आढळला, की आपण त्यांना दोन साक्षी मानतो. पण दुसरी पोथी पहिलीवरूनच उतरवलेली असेल, तर साक्ष एकच उरते. संबंध विसरल्यामुळे गणिताची सीमा रुंदावते, तरी सत्य आतच राहते. आमची सीमा मात्र आकसते, आणि सत्य बाहेर राहून जाण्याचा धोका उत्पन्न होतो.

म्हणून कवीच्या काळापुढे एक आकडा लिहिण्याऐवजी दोन लिहावेत, आणि प्रत्येक सीमा कोणत्या स्वतंत्र पुराव्यावर उभी आहे तेही सांगावे, असे मला वाटते. त्यात विद्वत्तेला उणेपणा नाही. आर्यभटाने परिघ व व्यास यांच्या प्रमाणाचे ३.१४१६ हे मूल्य देतानाही त्याला 'आसन्न' म्हटलेच होते.