आखाडा बाळापूरच्या वाटेवरील तीर्थे

महाराष्ट्रातील प्रेक्षणीय स्थळांचा विषय निघाला, की अजिंठा-वेरूळची लेणी, सह्याद्रीतील किल्ले आणि कोकणचा किनारा ही नावे ओघाने येतात. तीर्थयात्रेचा विचार सुरू झाला, की जैन कुटुंबे सम्मेदशिखर, गिरनार, पालिताणा किंवा श्रवणबेळगोळ यांचे बेत आखू लागतात. या दोन्ही याद्यांत हिंगोली जिल्ह्याचे नाव क्वचितच आढळते. वास्तविक मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या सीमेवरील हा प्रदेश सांस्कृतिक वैभवाने संपन्न आहे. ते वैभव एका ठिकाणी एकवटलेले नाही, एवढेच. ते लहान लहान गावांत विखुरले आहे आणि त्या गावांनीच ते जपले आहे.

या यात्रेसाठी आखाडा बाळापूर हे सोयीचे ठिकाण आहे. कळमनुरी तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव नांदेड-हिंगोली मार्गावर वसलेले आहे. दक्षिणेला वारंगा फाटा आणि अर्धापूर ओलांडले की नांदेड येते. उत्तरेला कळमनुरीवरून हिंगोली आणि पुढे वाशीम गाठता येते. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. एका बाजूला कयाधू आणि दुसऱ्या बाजूला पैनगंगा अशा दोन नद्यांच्या परिसरातील ही काळी जमीन कापूस, सोयाबीन आणि हळद पिकवते. हिवाळा सरताना हळद शिजवणे, वाळवणे आणि तिला पॉलिश करणे यांची लगबग शिवाराशिवारांत चालते. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या अनेक जैन घरांत ओली हळद येत नाही, पण वाळवलेल्या हळदीवाचून त्याच घरातील फोडणी पूर्ण होत नाही. त्या हळदीचे मूळ कोठले, हे मुलांना दाखवावयाचे तर याहून चांगले ठिकाण शोधावे लागणार नाही.

बाळापूरहून दक्षिणेकडे निघाल्यावर लागणारे अर्धापूर आज केळीच्या बागांसाठी आणि केशवराजाच्या मंदिरासाठी ओळखले जाते. जैन यात्रेकरूने मात्र येथे आणखी एका कारणासाठी थांबावे. शिरड शहापूर येथील अतिशय क्षेत्राचे मूलनायक भगवान मल्लिनाथ यांची मूर्ती मूळची अर्धापूरची, असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या तीर्थंकरांची ही मूर्ती एका गावाने दुसऱ्या गावाच्या स्वाधीन केली आणि दुसऱ्या गावाने तो भार पिढ्यान्‌पिढ्या वाहिला. पूजेतील मूर्ती आपल्या स्थानावरून हलविण्याचा निर्णय कोणताही समाज सहजासहजी घेत नाही. अर्धापूर पाहून शिरड शहापूरला जाणाऱ्या यात्रेकरूला त्या निर्णयाचे वजन अधिक जाणवते.

शिरड शहापूर हे वसमत-औंढा मार्गावरील गाव. मंदिरात प्रवेश केल्यावर मल्लिनाथांची श्यामवर्ण मूर्ती दृष्टीस पडते आणि बोलणे आपोआप थांबते. सकाळच्या अभिषेकाला पोहोचता येईल अशा बेताने येथे यावे. मोठ्या क्षेत्रांवरील गर्दीत जे सहसा मिळत नाही, ते निवांत दर्शन येथे मिळते. आजीने नातवाला कलशाचे लांछन दाखवावे आणि ते कोणत्या तीर्थंकरांचे हे त्याच्याकडून वदवून घ्यावे, एवढा वेळ येथे असतो.

याच मार्गाने पुढे औंढा नागनाथ येते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून पूजले जाणारे हे यादवकालीन मंदिर शिल्पकलेच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावे असे आहे. बाह्य भिंतींवर मूर्तींच्या रांगा आहेत. गर्भगृह सभामंडपाच्या पातळीखाली असून तेथे अरुंद वाटेने उतरावे लागते. खालचा भाग जुन्या दगडी घडणीचा आणि वरचा नंतरच्या काळातील पुनर्बांधणीचा, हा फरक साध्या डोळ्यांनाही कळतो. जे भंगले ते पुढच्या पिढीने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आपल्या काळाच्या पद्धतीने पुन्हा उभे केले, याची साक्ष ते शिखर देते. संत नामदेवांना गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढ्यालाच, अशी श्रद्धा आहे.

औंढ्याहून पश्चिमेला जिंतूर आहे. परभणी जिल्ह्यातील या गावाजवळच्या टेकडीवर नेमगिरी हे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. येथे सात गुहा आहेत. त्यांची दारे इतकी ठेंगणी, की आत शिरताना प्रत्येकाला वाकावेच लागते. आणि आत गेल्यावर समोर येणाऱ्या मूर्ती इतक्या भव्य, की त्या या दारांतून आल्या कशा, हा प्रश्न लहानथोर सगळ्यांच्याच मनात उभा राहतो. भगवान नेमिनाथांची पद्मासनस्थ मूर्ती आणि भगवान बाहुबलींची मूर्ती ही येथील विशेष दर्शने. पार्श्वनाथांची वजनदार मूर्ती लहानशा दगडाच्या आधारावर टेकलेली असल्याने तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. वृद्ध यात्रेकरूंनी उन्हे चढण्यापूर्वी दर्शन घेणे बरे, आणि गुहांमध्ये घाई करू नये. अंधाराला डोळे सरावले, म्हणजेच मूर्तींच्या मुद्रा नीट दिसू लागतात.

दुसऱ्या दिवशी बाळापूरहून उत्तरेची वाट धरावी. हिंगोली तालुक्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचा जन्म 1270 सालचा. या गावात जन्मलेल्या संताची वाणी पंजाबपर्यंत पोहोचली आणि त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. पंजाबातील घुमान या गावी नामदेवांचे स्मरण आजही जागते आहे. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. इकडे नांदेडला दहावे गुरू गोविंदसिंग यांचे 1708 साली देहावसान झाले, त्या ठिकाणी हुजूर साहिब उभे आहे. नर्सी आणि नांदेड या दोन गावांनी महाराष्ट्र आणि पंजाब यांना परस्परांशी कायमचे जोडले आहे.

हिंगोलीहून वाशीम जिल्ह्यात प्रवेश केला, की मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे क्षेत्र लागते. येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना सारखेच पूज्य आहेत. गावाबाहेरचे पवळी मंदिर हे जुन्या दगडी स्थापत्याचा नमुना म्हणून पाहण्यासारखे आहे. दर्शनाला येणाऱ्याने मनात केवळ भक्ती घेऊन यावे आणि भक्तीच घेऊन परतावे, अशी ही जागा आहे.

यात्रेचा शेवटचा टप्पा कारंजा लाड. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ या तिन्ही भट्टारक परंपरांची मंदिरे असलेले हे नगर जैन विद्येचे मोठे केंद्र होते. काष्ठा संघाच्या मंदिरातील लाकडी कोरीवकाम पाहण्यास वेळ राखून ठेवावा. मात्र कारंज्याचे खरे धन येथील हस्तलिखितांत आहे. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहून महाकवी पुष्पदंतांनी अपभ्रंश भाषेत जी काव्ये रचली, ती विसाव्या शतकात विद्वानांसमोर येण्यात कारंज्याच्या ग्रंथभांडारांचा मोठा वाटा आहे. 1931 साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले ‘जसहरचरिउ’ आणि त्यानंतर डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेले ‘णायकुमारचरिउ’ हे ग्रंथ कारंज्यातून प्रसिद्ध झाले. त्या पोथ्या वाचता येणारी माणसे मधल्या काळात फारशी उरली नव्हती. तरीही त्या वेष्टनांत बांधून ठेवल्या गेल्या, वाळवीपासून वाचवल्या गेल्या आणि वाचणारा येईपर्यंत टिकल्या. याच नगरात 1918 साली देवचंद शहा, म्हणजे पुढे मुनी समंतभद्र झालेले महापुरुष, यांनी महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. पोथ्या सांभाळणाऱ्या गावात पोथ्या वाचू शकणारी मुले घडावीत, ही त्यातील दृष्टी आजही मोलाची आहे.

या सर्व स्थळांचा विचार एकत्रितपणे केला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. मल्लिनाथांची मूर्ती एका गावाने दुसऱ्या गावाकडे सोपवली, औंढ्याचे शिखर पुन्हा बांधले गेले, नामदेवांची वाणी परभाषेच्या प्रदेशात जपली गेली आणि पुष्पदंतांचे काव्य कापडी वेष्टनात टिकून राहिले. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आपल्या वाट्याची राखण केली, म्हणून पुढच्याला दर्शन घडले.

आज ही राखण अवघड होत आहे. शिक्षण आणि व्यवसाय यांसाठी मराठवाड्यातील तरुण पिढी शहरांकडे गेली. अनेक गावांतील जैन घरांची संख्या घटली आणि मंदिराची किल्ली वृद्ध हातांत राहिली. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या अशा घराण्यांतील मुलांना आपले मूळ गाव अनेकदा नावानेच ठाऊक असते. अशा वेळी जवळच्या क्षेत्राला भेट देणारे कुटुंब त्या क्षेत्राला देणगीपेक्षाही मोठे काही देते. धर्मशाळेतील बंद खोल्या उघडल्या जातात, चौका पेटतो, अभिषेकाला चार माणसे अधिक उभी राहतात आणि पुजाऱ्याला वाटते, की आपण हे कोणासाठी तरी करीत आहोत.

चातुर्मास संपला, की कार्तिकानंतरचे दिवस या प्रवासास अनुकूल असतात. हवा सुखद असते, रस्ते कोरडे असतात. नांदेडपर्यंत रेल्वेची सोय आहे. तेथून बाळापूरकडे एस.टी. बस किंवा खासगी वाहनाने यावे. हिवाळ्यात सूर्यास्त लवकर होतो, त्यामुळे रात्रिभोजनाचा त्याग पाळणाऱ्यांनी सायंकाळचे जेवण जेथे घ्यायचे तेथे आधी निरोप पाठवावा. लहान क्षेत्रांवर पूर्वसूचना दिली, तर व्यवस्था करणाऱ्यांची धावपळ होत नाही. तीन दिवसांत ही सर्व स्थळे पाहता येतात, मात्र चौथा दिवस हाताशी असावा. तो शिरड शहापूरसाठी ठेवावा. पहिल्या दिवशी घाईत झालेले दर्शन त्या दिवशी सावकाश घ्यावे आणि निघताना मंदिराची देखभाल करणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणत्या महिन्यात येणार, ते सांगून निघावे.