पाल! हिरवीगार पाल! तीही दिवसाढवळ्या!

थांबा, आधी हे ऐका! मी पाल पाहिली! हो, पालच! पण पोपटी! पाठीवर लालचुटूक ठिपके! आणि भर उन्हात, केळीच्या पानावर, आरामात!

अंदमानात गेले होते, हॅवलॉकला. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप. पाठीवर सॅक, पायात साध्या चपला, आणि जंगलाबद्दलचं माझं ज्ञान शून्य! झाडं मला वड, पिंपळ, आंबा एवढीच ओळखता येतात. पण इथे पहाटे पाचलाच लख्ख उजाडतं हो! झोपणार कोण? मग निघालेच. राधानगरच्या रस्त्यावरून एलिफंट बीचकडे एक पायवाट जंगलात शिरते, दोनेक किलोमीटरची. सोबत गावातले एक वाटाडे दादा.

आत शिरले आणि आवाजच बदलला! रातकिड्यांचा नुसता कल्ला! झाडांची मुळं म्हणजे भिंती! खरंच सांगते, माझ्या खांद्याएवढ्या उंच, आडोशाला उभं राहावं अशा! दादा म्हणाले, हा पडौक, तो गर्जन. आणि मग वरून काहीतरी गरगरत खाली आलं, भिंगरीसारखं, अगदी सावकाश, आणि मी ते ओंजळीत धरलं आणि बघते तर काय, फळ! दोन लांब पंख असलेलं फळ! गर्जनाचं शास्त्रीय नाव डिप्टेरोकार्पस, त्याचा अर्थच दोन पंखांचं फळ! मी ते पुन्हा वर उडवलं. पुन्हा गरगरलं! पुन्हा उडवलं! दहा वेळा तरी उडवलं असेल!

आणि मग वाट संपत आली, चिखल सुरू झाला, कांदळवनाची मुळं पाय रोवून उभी दिसली, आणि मग एकदम समोर समुद्र! निळा, हिरवा, पुन्हा निळा! वाळूत एक शंख चालत होता! शंख! चालत! उचलला तर आत खेकडा! दुसऱ्याचं घर पाठीवर घेऊन फिरतो, आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधून त्यात राहायला जातो! लगेच खाली ठेवला, त्याला कामं असतील.

पण पाल! ती परतताना भेटली, वाडीतल्या केळीवर. मी वाकले. बोटाएवढीच! तिने मान तिरकी केली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा चाटला! डोळा! जिभेने! तिला पापण्याच नसतात, म्हणून ती डोळा असा पुसते! आणि आता खरं नवल ऐका. ही पाल फक्त अंदमानात सापडते. फेलसुमा ही तिची प्रजाती, आणि तिचे बाकी बहुतेक भाऊबंद राहतात कुठे? मादागास्कर, सेशेल्स, मॉरिशस! अख्खा हिंदी महासागर मध्ये! हजारो किलोमीटर पाणी! ही एवढीशी पाल इथे आली कशी? मी पाऊण तास त्या केळीपाशी बसून होते, दादा दोनदा चहा पिऊन आले, आणि मला तिथून हलवेना!

घरी आल्या आल्या काय केलं माहितेय? ट्यूबलाइटपाशी गेले. आपली नेहमीची पाल होतीच तिथे, आजवर मी झाडूने हाकललेली. खुर्ची ओढली, बसले, वाट पाहिली. आणि मग तिनेही डोळा चाटला! तिलाही पापण्या नाहीत! इतकी वर्षं माझ्याच भिंतीवर हे चाललं होतं!

तुम्हीसुद्धा आज रात्री खुर्ची ओढा. झाडू ठेवा बाजूला. दहा मिनिटं, फार तर पंधरा. चाटला की मला लगेच फोन करा!